दोनशे बारा दिवस

परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तळघरात उतरलं की आधी वास येतो, मग आवाज येतो आणि मग सुनेत्रा पारकर दिसते. वास ब्लीचचा आणि ओल्या सुताचा, आवाज तीन थोराड धुलाई मशीनचा. आणि सुनेत्रा बरोबर सव्वाआठला, पदर कमरेला खोचून, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभी. तिच्यामागे लिनन रूमच्या चौदा बायका आणि मशीनवाला भिवा. दहा मिनिटं, उभ्याने. बसलं की बायका घरचं काढतात, असं सुनेत्रा सांगायची. खरं म्हणजे सगळ्यांत आधी तीच काढायची.

फळ्यावर चार ओळी होत्या. काल कुठल्या वॉर्डात चादरी कमी पडल्या, फाटकं किती निघालं, मशीन बंद पडलं का, आणि चौथी ओळ सुईची. प्रत्येक ओळीपुढे चुंबकाची चकती लावायची. ठीक असेल तर हिरवी, काही बिनसलं असेल तर लाल. सुईच्या ओळीपुढे चकतीशिवाय एक आकडाही असे, शेवटची सुई टोचल्याला किती दिवस झाले त्याचा.

बाहेरच्या माणसाला वाटावं, चादरींच्या खोलीत सुईचं काय काम? पण सलाईन काढताना, रक्त घेताना, घाईत एखादी सुई चादरीच्या घडीत राहून जाते. ती मळकी चादर गाठोड्यातून खाली येते, टेबलावर उलगडते आणि निवडणाऱ्या बाईच्या बोटात शिरते. हातमोजे असतात, पण सुई त्यांना जुमानत नाही. कोणाच्या रक्तात काय आहे ते चादर सांगत नाही.

त्या दिवशी फळ्यावर आकडा होता दोनशे अकरा. दुसऱ्या दिवशी दोनशे बारा होणार होता आणि तो बघायला बावीस पाहुणे येणार होते. पुण्याच्या, नाशिकच्या, कुठल्याकुठल्या हॉस्पिटलांतली मोठी माणसं. त्यांच्यापुढे सुनेत्राने पंधरा मिनिटं बोलायचं होतं. व्यवस्थापक अवधूत सरांनी विषय दिला होता, ‘सुधारणा टिकवायची कशी?’ ते नीट पार पडलं की सगळ्या विभागांची सुधारणाप्रमुख म्हणून तिच्या नावाची ऑर्डर निघणार होती. चौथा मजला, खिडकी असलेली खोली. बावीस वर्षांपूर्वी जी याच टेबलावर मळक्या चादरी निवडायला लागली, तिला.

तीन वर्षांपूर्वी ट्रस्टने हितेंद्र म्हणून एक सल्लागार आणला होता. दादरचा, बारकासा, साध्या चपला घालणारा माणूस. ‘लीन’ का काय ते शिकवायला आला. वेळ, फेऱ्या, साठा, जे जे फुकट जातं ते शोधायचं, कमी करायचं. बाकीच्या विभागांनी दोन महिने जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, फोटो काढले आणि विसरून गेले. स्टोअरमध्ये ती पट्टी अजून आहे, तिच्यावर खोकी ठेवतात. सुनेत्राने मात्र ते मनावर घेतलं. कारण तसं फार मोठं नव्हतं. पहिल्या दिवशी तो माणूस तळघरात आला, तासभर काही न बोलता उभा राहिला आणि मग म्हणाला, “ताई, तुम्हांला काय वाटतं, कुठे अडतंय?” तुम्हांला काय वाटतं, हे त्या इमारतीत तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

अडत होतं ते असं की चादरी हॉस्पिटलात भरपूर होत्या आणि कुठल्याच वॉर्डात नव्हत्या. कमी पडतील म्हणून प्रत्येक सिस्टर लपवून ठेवायची आणि लपवल्या म्हणून कमी पडायच्या. एका वॉर्डात तर बिघडलेल्या फ्रिजमध्ये बत्तीस चादरी निघाल्या. सुनेत्रा वॉर्डावॉर्डातून हिंडली, भांडली, चहा प्यायली, वर्षभरात ती लपवालपवी बंद केली. निवडायच्या टेबलावर झगझगीत दिवा बसवायची कल्पना प्रितीची, लांब चिमटे शेवंतीमावशींचे, गाठोड्यांना वॉर्डाप्रमाणे रंगीत नाड्या भिवाच्या. ज्याची कल्पना त्याचं नाव फळ्यावर. आणि आठवड्यात ज्या बाईने सगळ्यांत जास्त लाल चकत्या लावल्या, तिला शनिवारी चिवडा गल्लीतला पावशेर चिवडा, सुनेत्राच्या पर्समधून. बायका चिवड्यासाठी अडचणी हुडकून काढायच्या.

“सुरू करणं सोपं असतं, ताई,” जाताना हितेंद्र म्हणाला होता. “टिकतं तिथेच, जिथे बाई साहेबाच्या तोंडावर वाईट बातमी सांगू शकते.”

ते वाक्य सुनेत्राने वहीत लिहून ठेवलं होतं. उद्याच्या भाषणाची सुरुवात त्यानेच होती.

गेल्या पावसाळ्यापासून लाल चकत्या कमी होत गेल्या, सुईच्या ओळीत तर दिसेनाशाच झाल्या. चिवडा आणायचीही गरज उरली नाही. सुनेत्राला वाटलं, लागलं वळण.

दुपारी ती पाहुण्यांना दाखवायला कार्डं गोळा करत होती. ही कार्डं तिची विशेष लाडकी. साबण, नाड्या, हातमोजे, प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पहिला डबा संपला की त्यातलं कार्ड स्टोअरला जायचं, स्टोअरवाला त्यावर तारखेचा शिक्का मारून नवा डबा द्यायचा. मागणीअर्ज नाही, सही नाही, कोणाच्या हातापाया पडणं नाही. त्यातलं एखादं स्वच्छ, ठसठशीत शिक्क्यांचं कार्ड तिला हवं होतं.

सगळ्यांत छान शिक्के होते प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिकटपट्ट्यांच्या कार्डावर. आडव्या ओळीत, एकाखाली एक, निळेजांभळे. जुलैपासून पाच.

सुनेत्राने ते बाजूला ठेवलं, मग पुन्हा उचललं. एका डब्यात वीस पट्ट्या. पाच डबे म्हणजे शंभर. ज्या तळघरात सात महिने कोणाला काही टोचलेलं नाही, तिथे शंभर पट्ट्या कोणाच्या बोटांना लागल्या? आधी तिला भिवाच्या फुटलेल्या टाचा आठवल्या. पण भिवा टाचांना मेण लावतो, हे ती जाणून होती.

तिने प्रितीला हाक मारली. प्रिती काळाचौकीची, तिशीच्या आतबाहेरची, जिभेला धार असलेली. तिने कार्ड बघितलं, उलटं करून पुन्हा सुलटं केलं.

“मुलांना नेत असतील घरी,” ती म्हणाली.

“प्रिती.”

“ताई, उद्या भाषण आहे ना तुमचं? परवा विचारा.”

“आता विचारतेय.”

प्रितीने मागे वळून टेबलाकडे बघितलं. बायका मान खाली घालून चादरी झटकत होत्या, इतक्या मन लावून की ऐकत होत्या हे उघड दिसत होतं.

“टोचायचं थांबलं होतं कधी?” प्रिती हळू आवाजात म्हणाली. “सुया येतातच. वर कोणी बदललंय का काही? आम्ही धुतो, दाबतो, पट्टी लावतो. आमचं ठरलंय तसं.”

“कोणाचं ठरलंय?”

“सगळ्यांचं. तुमचा आकडा मोडायचा नाही.”

“माझा आकडा?” सुनेत्राचा आवाज चढला. “मी कधी म्हटलं लपवा म्हणून? मी चिवडा देत होते गं तुम्हांला, लाल लावायचा!”

“द्यायचात.” प्रितीने खांदे उडवले. “गेल्या जूनमध्ये अवधूत सर पाहुणे घेऊन आले होते, आठवतं? शेवंतीमावशीला त्या सकाळीच टोचली होती. तिने लाल लावली. सर तुमच्याकडे बघून हसले. आणि तुम्ही म्हणालात, ‘काय मावशी, आजचाच मुहूर्त सापडला?’”

सुनेत्राला काही आठवेना. खरंच आठवेना. दिवसात ती अशी पन्नास वाक्यं बोलायची.

“मी गमतीत म्हटलं असेल.”

“हो ना. सगळे हसले. मावशी पण हसली. मग तिने स्वतःच चकती काढली आणि हिरवी लावली. तुम्ही बघत होतात ताई. काही बोलला नाहीत.”

मशीनने पाणी सोडलं, खडखडाट झाला.

“मग सगळ्यांत वाईट कोणाला टोचली?” सुनेत्राने विचारलं.

“तिलाच. घटाच्या दिवसांत. डायलिसिसच्या चादरीतली, चांगली आत गेली होती. तिचे डोळे बघितलेत का तुम्ही आठवड्यात?”

बघितले नव्हते. रोज सकाळी दहा मिनिटं तिच्यामागे शेवंतीमावशी उभ्या असायच्या आणि सुनेत्रा फळ्याकडे तोंड करून असायची.

शेवंतीमावशी डिलाईल रोडच्या चाळीतल्या, सत्तावन्न वर्षांच्या. मालक गिरणीत होते, गेले. चादर मुठीत धरायची नाही, कोपऱ्याला दोन बोटांत धरून झटकायची, हे सुनेत्राला पहिल्या दिवशी शिकवलं ते त्यांनी. माहेर दोघींचं कणकवलीकडलं, त्यामुळे अख्ख्या हॉस्पिटलात तिला ताई न म्हणणारी एवढी एकच बाई. इस्त्रीच्या मशीनमागे त्या स्टुलावर बसल्या होत्या. दिव्याखाली सुनेत्राने त्यांची हनुवटी वर केली. डोळे हळकुंडासारखे पिवळे.

“कधीपासून गो?”

“ह्यां? चार दिस. उष्णता झाली आसतली. कोकम पितंय मी.”

“सुई टोचली तेव्हा मला का नाही सांगितलंस?”

“तुका सांगून तू काय करतलंस? फळ्यार लाल लावतलंस.” मावशी हसल्या. “आमच्यातला एक चेडू वर जाता हा. इतकी वर्सा बघतंय मी, ह्या जिन्यान वर गेला ता कपड्याचा गाठोडाच. माणूस नाय गेला कधी. तेका आमीच पाय घालू काय?”

“अगो, पण मी मागितलं होतं का असं काही?”

“मागूक कशाक व्हया?” मावशी म्हणाल्या.

सुनेत्राने त्यांना दंडाला धरून त्याच जिन्याने वर नेलं. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी पाचला आला. साधी पाण्याची कावीळ नव्हती, रक्तातून येणारी होती, लिव्हर सुजलेलं. डॉक्टर तरुण होत्या, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “टोचल्याबरोबर, निदान पहिल्या एक-दोन दिवसांत आल्या असत्या, तर इंजेक्शन आहे त्याला. आपल्याकडेच असतं. आणि लस नव्हती का घेतलेली?” लस कायम नोकरीवाल्यांना होती. या बायका कंत्राटदाराच्या. तो प्रश्न फळ्याच्या चार ओळींत कधी बसला नव्हता.

इंजेक्शन दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये होतं. तळघरातून मोजून साठ पायऱ्या. कोणती वस्तू किती पावलांवर ठेवावी, याचा तक्ता सुनेत्राने स्वतः काढला होता.

ती तडक अवधूत सरांकडे गेली. चाळिशीच्या अलीकडचे, नेहमी धावपळीत, माणूस म्हणून वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मावशींचं सगळं फ्री करू. बेस्ट डॉक्टर बघतील. आत्ता फोन करतो.”

“आणि आकडा?”

“परवा रीसेट करू ना ताई.”

“आकडा खोटा आहे सर. उद्या बावीस माणसं तो बघून आपापल्या घरी असाच फळा लावणार.”

“मी खोटं बोला असं म्हणत नाही. फक्त उद्या बोलू नका म्हणतोय. दोन्हींत फरक आहे.” मग आवाज खाली आणून, “तुमच्या ऑर्डरवर उद्या दुपारी सही आहे. मी सहा महिने वर भांडलोय त्यासाठी. बारावी झालेली, तळघरातली बाई, म्हणत होते. आकडा दाखवला तेव्हा गप्प बसले.”

म्हणजे या माणसानेही तिच्यासाठीच केलं होतं. सुनेत्राला वाटलं, आज ज्याला त्याला माझंच भलं करायचंय.

घरी लालबागच्या खोलीत राजारामने, तिच्या नवऱ्याने, उद्यासाठी तिची जांभळी साडी इस्त्री करून दोरीवर टाकली होती. तो शिवडीच्या गोदामात काम करतो, बोलतो मोजकं. तिने सांगितलं, त्याने ऐकलं.

“माझ्या तोंडावर काही वाईट सांगायला भीती वाटते का हो तुम्हांला?” तिने विचारलं.

“भीती कसली?” तो म्हणाला. “वेळ बघून सांगतो.”

तिचं जेवण तिथेच संपलं.

सकाळी पाहुणे बुटांवर निळ्या पिशव्या चढवून तळघरात उतरले. बायका रांगेत उभ्या, सगळ्यांचे पदर सारखे खोचलेले. प्रितीने सवयीने आकडा बदलून दोनशे बारा केला. शेवंतीमावशींची जागा भरून निघावी म्हणून रांग जरा सरकवून घेतली होती.

सुनेत्राने वही उघडलीच नाही. ती फळ्याशी गेली, आकडा पुसला, शून्य लिहिलं आणि शेजारी लाल चकती लावली.

“दोनशे बारा खोटा होता,” ती म्हणाली. “या सात महिन्यांत इथे निदान पंधरा वेळा सुई टोचली. काल संध्याकाळी एकेकीला विचारून मोजलंय. मला कोणी सांगितलं नाही, कारण एकदा सांगितलं तेव्हा पाहुण्यांसमोर मी टोमणा मारला होता. त्या मावशी आज वर वॉर्डात आहेत, कावीळ झालीय. चूक या बायकांची नाही. माझी आहे. सुधारणा कशी टिकवायची ते मला ठाऊक नाही. कशी मरते ते सांगू शकते.”

अवधूत सर पांढरेफटक पडले होते. मग पुण्याच्या एक गोऱ्या, उंच बाई पुढे आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग सगळेच. एकाने डोळे पुसले. “अशी लीडर पाहिजे,” कोणीतरी म्हणालं. अवधूत सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “हीच ती संस्कृती आम्ही इथे रुजवतोय,” ते म्हणाले आणि सुनेत्राला शून्याच्या बाजूला उभं करून फोटो काढले. तिला बाजूला व्हायचं होतं, पण पुण्याच्या बाईंनी हात घट्ट धरला होता.

त्या गर्दीतून तिने बायकांकडे बघितलं. टाळ्या त्याही वाजवत होत्या. प्रिती तेवढी वाजवत नव्हती.

ऑर्डरवर सही दुपारीच झाली, ठरल्यापेक्षा तासभर आधी.

आता उघड झालंच होतं, तेव्हा पंधरा टोचण्यांचे पंधरा फॉर्म भरणं आलं. फॉर्ममध्ये रकाना होता, ‘तत्काळ का कळवले नाही?’ बायकांनी तो रिकामा सोडला. काय लिहिणार? कंत्राटदाराच्या ऑफिसात तो रकाना भरला गेला, ‘कामगाराची हयगय’. पाच जणींना ताकीद मिळाली. शेवंतीमावशी निवडायच्या कामाला अपात्र ठरल्या आणि कंत्राटदाराकडे दुसरं काम नव्हतं. सुनेत्रा नव्या खोलीतून धावत जुन्या साहेबाकडे गेली.

“तो कंत्राटदाराचा निर्णय आहे ताई,” अवधूत सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. “त्यात हॉस्पिटल पडत नाही.”

“मग मी ऑर्डर परत करते.”

“करा. मावशींना परत घेतील का त्याने?”

ती वॉर्डात गेली. मावशी खाटेवर बसून घरून आलेली पेज पीत होत्या. खालची चादर इतकी शुभ्र, कोपरे इतके नीट दुमडलेले, की ती मावशींनी स्वतःच घातली असणार ते कळत होतं. सुनेत्राने सगळं सांगितलं, अगदी ऑर्डर परत करायचंसुद्धा.

“सोडू नको,” मावशी म्हणाल्या. “माझा गेला ता गेला. तुझा तरी रवांदे.” सुनेत्राचे डोळे भरले तशी त्या वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “आता रडतंस कशाक? बघूक पाव्हणे नाय हत हंय.”

गमतीत म्हटलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई हसलीसुद्धा.

महिन्याभराने एका सोमवारी सुनेत्रा सव्वाआठला तळघरात उतरली. अधूनमधून उतरायची, पण त्या दिवशी तिने ठरवलं होतं, रोज यायचं. लसीचा प्रस्ताव तिने वर पाठवला होता, तो अजून वरच होता. वॉर्डावॉर्डात सुईचे लाल डबे खाटेजवळ आणायला तिने सुरुवात केली होती, दोन वॉर्डांत आले होते. फळ्यासमोर प्रिती उभी. चारही ओळी हिरव्या. आकडा तेहतीस.

“लाल काही?” सुनेत्राने विचारलं.

“नाही ताई.”

“कोणाला काही सांगायचंय? नाव नको. मला एकटीला सांगा.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. भिवा मशीनचं झाकण पुसत राहिला.

सुनेत्राने हातमोजे चढवले आणि टेबलाशी, शेवंतीमावशींच्या रिकाम्या जागी उभी राहिली. चादरी येत होत्या, ती दोन बोटांत कोपरा धरून झटकत होती. हात विसरले नव्हते. अर्ध्या तासाने एका घडीतून काहीतरी चमकलं. ती चिमटा शोधेपर्यंत प्रितीचा हात आला, चिमट्याने सुई उचलली, डब्यात टाकली आणि पुढची चादर ओढली. बोलणं नाही, थांबणं नाही. दिवसातून दहादा केल्यासारखं.

“आज पहिलीच का ही?”

“टोचली नाही ना कोणाला,” प्रिती म्हणाली. “टोचलेलीच मोजायची असते.”

तिच्या उजव्या हातमोज्याखाली तर्जनी जराशी जाड दिसत होती. पट्टी असावी. किंवा मोजा दुमडला असेल.

“बघू हात,” सुनेत्रा म्हणाली आणि आपला हात पुढे केला.

प्रिती थांबली. बाकीच्याही थांबल्या. मग प्रिती अगदी मायेने, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, “ताई, वर मीटिंग असेल तुमची. जा तुम्ही. आम्ही बघतो इथलं.”

सुनेत्राचा पसरलेला हात टेबलाच्या मधोमध तसाच राहिला. पलीकडून चादर सरकत आली आणि त्याला अडून थांबली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बायका खाली मान घालून वाट बघत होत्या. काम अडायला लागलं, तेव्हा तिने तो मागे घेतला.